हिवाळी चाऱ्याचे क्षेत्र: रब्बी हंगामातील प्रकल्प नोंदी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

१४ ऑक्टोबर

सोयाबीन निघून वावर मोकळे झाले आहे. आमच्या पशुपालक गटाने यंदा ओलिताच्या एका सलग पट्ट्यावर बरसीम, लसूणघास आणि ओट अशी तीन चारापिके घेण्याचे ठरवले असून या नोंदी त्या कामाच्या आहेत. गटातील बहुतेकांकडे गवळाऊ जनावरे आहेत. ही जात याच भागातली, काटक आणि ओढकामाला चपळ आहे. परंतु दिवाळीनंतर तिच्या वाट्याला कुटार (मळणीनंतरचा भुसा), कडबा आणि वाळलेले गवत एवढेच येते. दूध त्याच काळात आटते आणि वासरांची वाढही त्याच काळात खुंटते. म्हणून हिवाळ्यात हिरवा, प्रथिनयुक्त चारा मिळणे हा या प्रकल्पाचा एकमेव हेतू आहे.

पट्ट्याची ठेवण आधी लिहून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर अवलंबून राहणार आहेत. वरचा तुकडा बरड, हलका आणि उतारावर आहे. खालचा तुकडा नाल्याला लागून, भारी काळ्या मातीचा आणि सखल आहे. ओल खाली जास्त टिकते, म्हणून बरसीम खाली घ्यावे असे सर्वांचे मत पडले. मात्र रात्रीची गार हवा जड असते; ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते. थंडीच्या दृष्टीने तोच तुकडा सर्वांत नाजूक ठरणार, हे माहीत असूनच हा निर्णय घेतला आहे.

२१ ऑक्टोबर

बरसीमची पेरणी झाली. एकरी दहा ते बारा किलो बियाणे धरले. बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते आणि एकदा ते वावरात शिरले की दरवर्षी उगवत राहते. म्हणून दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकले. कासनीचे हलके बी तरंगून वर आले, ते काढून टाकले आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुतले. त्यानंतर गुळाच्या थंड केलेल्या द्रावणातून बरसीमसाठीचे रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठींत हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधणारे जिवाणू, चोळून बियाणे सावलीत सुकवले. हे जिवाणू-संवर्धन हरभऱ्याच्या संवर्धनापेक्षा वेगळे असते. हरभऱ्याचे पाकीट बरसीमला चालत नाही. जिथे पूर्वी कधीच बरसीम घेतलेले नाही, तिथे ही पायरी टाळली तर पीक पिवळे पडून बसते.

संपूर्ण स्फुरद (फॉस्फरस) पेरणीसोबतच जमिनीत दिले. माती गार झाली की मुळांची स्फुरद उचलण्याची क्षमता मंदावते आणि पाने जांभळट दिसू लागतात. त्या वेळी वरून खत देऊन फारसे साधत नाही.

२ नोव्हेंबर

वरच्या तुकड्यात लसूणघास तिफणीने ओळीत पेरले आणि मधल्या पट्टीत ओट घेतला. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेल या परोपजीवी तणाचे बारीक बी असण्याचा धोका असतो, म्हणून ते बारीक चाळणीतून दोनदा चाळून घेतले. अमरवेल एका जागी दिसली तर ती जागा मुळासकट खणून जाळावी लागते, याची कल्पना सर्वांना दिली आहे.

दोन किमान तापमापके लावली: एक वरच्या तुकड्यात, एक खालच्या तुकड्यात, दोन्ही पिकाच्या उंचीवर. हवामान खाते तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीच्या आत मोजते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनी थंड असू शकते. बरसीम मात्र त्या पेटीत राहत नाही. त्याला जमिनीलगतचीच थंडी सोसावी लागते. म्हणून बातम्यांमध्ये सांगितलेल्या आकड्यावर न विसंबता वावरातला आकडा पाहावा, असे ठरले.

१६ नोव्हेंबर

आज गायरानाच्या कडेची पाहणी केली. मारवेल आणि शेडा ही गवते वाळू लागली आहेत, कुसळीला कुसळे धरली आहेत. चाऱ्यासाठी गवत फुलोऱ्यात असतानाच कापायला हवे. बी गळून पडल्यावर उरते ती काडी; तिच्यात प्रथिने फारच थोडी राहतात, आणि कुसळीची टोके जनावरांच्या तोंडात रुततात. तरीही कडेचा एक लांब पट्टा न कापता सोडावा, असा मी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. मारवेलाचे बी तिथेच पडेल आणि गवतात उगवणारी रानफुलेही आपले बी तिथेच टाकतील. थंड प्रदेशांत अनेक रानफुलांचे बी ओलसर गारव्यात काही आठवडे पडून राहिल्याशिवाय उगवतच नाही, म्हणून तिकडे ते बी हिवाळ्याच्या तोंडावर पेरतात. आपल्याकडच्या गवतांच्या बियांना अशा गारव्याची गरज नसते. त्यांची सुप्तावस्था कोरड्या साठवणीत आणि उन्हाळ्याच्या तापलेल्या मातीत उतरते, आणि पहिल्या दमदार पावसाला ती उगवतात. तेव्हा गोळा केलेले बी जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवायचे आहे. आत्ता फेकायचे नाही.

३ डिसेंबर

शेजारच्या वावरातील गहू एकवीस दिवसांचा झाला. मुकुटमुळे फुटण्याची ही वेळ असल्याने त्याला पाणी दिले. गव्हाच्या बाबतीत कुणाला थंडीची धास्ती नाही. थंडी जितकी टिकेल तितके फुटवे जास्त येतात. याच शिवारात, याच रात्री, गव्हाला हवीशी असणारी थंडी तुरीच्या कोवळ्या शेंड्यांना आणि टोमॅटोला जाचते. म्हणून ‘पिकांचे थंडीपासून संरक्षण’ असा सरसकट सल्ला मला पटत नाही. प्रत्येक पिकाला वेगळे विचारावे लागते.

लसूणघासाबद्दल गटातील एका तरुण सदस्याने एक प्रश्न आणला. थंड देशांतील सल्ल्यात असे सांगितलेले असते की, कडाक्याचे दव गोठण्याआधी चार ते सहा आठवडे लसूणघासाची कापणी थांबवावी. तो सल्ला तिकडे अगदी योग्य आहे. तिथे हे पीक हिवाळाभर बर्फाखाली झोपते आणि वसंतात मुळांतील साठ्यावर पुन्हा उठते. शेवटची कापणी उशिरा झाली तर तो साठा भरून येत नाही आणि रोप मरते. शिवाय भारी, ओल्या मातीत पाणी गोठून फुगते आणि रोपाचे खोडच वर उचलले जाते. त्यांच्याकडे बर्फाचा थर हेच पांघरूण असते. आपल्याकडील वाण न झोपणारे आहेत. ते थंडीत संथ होतात, थांबत नाहीत. कापणी बंद ठेवली तर इथे चारा नुसता जून होईल. मात्र त्या सल्ल्याच्या मुळाशी असलेली गोष्ट इथेही तितकीच खरी आहे: कापल्यानंतरची पहिली फूट मुळांतील साठ्यावर येते, आणि साठा भरायला थंडीत अधिक दिवस लागतात.

बरसीमची काही रोपे हलकेच खणून मुळे पाहिली. गाठी बाजरीच्या दाण्याएवढ्या, मुख्य मुळाजवळ गुच्छाने धरलेल्या होत्या. एक गाठ नखाने चिरली. आतून गुलाबी निघाली. गुलाबी रंग म्हणजे गाठीतील जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. आतून पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नसते. नत्राचे खत द्यायचे नाही, हे तिथल्या तिथे ठरले.

११ डिसेंबर

बरसीमची पहिली कापणी केली. विळा जमिनीपासून चार बोटे वर धरला, कारण नवी फूट बुडाच्या डोळ्यांतून येते आणि विळा खाली गेला तर तेच डोळे कापले जातात. कापणी दव सुकल्यावर, सकाळी उशिरा केली. दवाने ओला, कोवळा बरसीम उपाशी जनावराच्या पुढे टाकला तर पोटफुगी होते आणि ती काही तासांत जीव घेऊ शकते. म्हणून चारा दुपारपर्यंत पसरून सुकू दिला, जनावरांना आधी सोयाबीनचे कुटार खाऊ घातले आणि मगच बरसीम कडब्यात मिसळून दिला. हा क्रम गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे, कारण चारा टाकण्याचे काम घरातले कुणीही करते आणि नियम सर्वांना ठाऊक असायला हवा.

२० डिसेंबर

उत्तरेकडचा वारा दिवसभर होता आणि संध्याकाळी तो पडला. आकाश निरभ्र आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झाले, की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. विदर्भाला ही लाट नवी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, आणि त्या दिवसांची आठवण गटातील संत्राबागायतदारांना आजही आहे.

दुपारी गटाची बैठक वावरातच झाली. गटातील वडीलधाऱ्या काकाजींचे म्हणणे होते की धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि कचरा पेटवून धूर करावा. त्यांच्या वडिलांपासून तसे करत आले आहेत. मी त्यांच्यापुढे माझे मत नम्रपणे मांडले. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग ती अडवतात, परंतु शेकोटीचा धूर इतका विरळ आणि त्याचे कण इतके बारीक असतात की तो ती पुरेशी अडवू शकत नाही. आगीची ऊब सरळ वर निघून जाते, आणि पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिळाली असती तर जो सेंद्रिय भाग मिळाला असता तोही जातो. काकाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मंग पाण्यानं काय होते, ते सांगा.”

पाण्याने दोन गोष्टी होतात. कोरडी, भुसभुशीत माती गोधडीसारखी असते; दिवसाची ऊब ती खोल जाऊ देत नाही आणि रात्री वरही येऊ देत नाही. ओली, दबलेली माती दिवसभर ऊन साठवते आणि रात्री ते सावकाश सोडते. त्यामुळे पाणी देण्याची उत्तम वेळ म्हणजे थंड रात्रीच्या आधीचा दिवस, जेणेकरून त्या ओल्या मातीवर ऊन पडेल. दुसरी गोष्ट विहिरीच्या पाण्याची. खोल विहिरीचे पाणी वर्षभराच्या सरासरी हवेइतके, म्हणजे आपल्याकडे पंचवीस अंशांच्या आसपास उबदार असते. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना एक किलोकॅलरी उष्णता सोडते. पाटाने दिलेले पाणी वावरभर पसरून दहा-पंधरा अंशांनी थंड झाले तर ती सगळी ऊब पिकाच्या पायाशी राहते. हिशोब ऐकल्यावर काकाजींनी स्वतःहून खालच्या तुकड्याचे दांड (पाणी वाहण्याचे चर) मोकळे करायला सुरुवात केली.

तुषार संच (स्प्रिंकलर) वापरावा का, हा प्रश्नही निघाला. थंड देशांतील फळबागांत गोठणाऱ्या रात्री तुषार चालवतात, कारण पाणी गोठताना लिटरमागे ऐंशी किलोकॅलरी उष्णता सोडते आणि कळीवर बर्फाचा थर असूनही आतील ऊती शून्य अंशावर टिकून राहते. परंतु तो संच एकदा सुरू केला की बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाही. मधेच थांबला तर बाष्पीभवनाने पान आणखी गार होते. आमची वीज रात्री कधी जाईल याचा भरवसा नाही आणि आपल्याकडे पाणी गोठण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून तुषार नाही, पाटपाणीच.

या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची आहे. एरवी रात्रीच्या ओलिताबद्दल सर्वांची तक्रार असते आणि ती रास्त आहे: अंधार, साप, रानडुकरे आणि गारठा यांत माणसे पाणी देतात. आज मात्र विहिरीच्या उबदार पाण्यासाठी ही वेळ जुळली. बरसीमला हलके पाणी, रोपांच्या बुडाशी भिजेल एवढेच, द्यायचे ठरले. हरभऱ्याला पाणी द्यायचे नाही, हे मी स्पष्ट सांगितले. भारी जमिनीतला हरभरा फुलावर असताना थंडीच्या भीतीने पाणी दिले तर त्याची फक्त पाने आणि फांद्या वाढतात, फुले गळतात आणि मर रोगाला वाट मिळते.

२१ डिसेंबर

पहाटे सहाच्या सुमारास वावरात गेलो. विहिरीच्या तोंडाशी पाण्याची वाफ उभी होती. वरच्या तुकड्यातील तापमापकावर आठ अंश आणि खालच्या, पाणी न दिलेल्या कडेच्या वाफ्यात पाच अंश नोंद होती. भिजवलेल्या बरसीममध्ये ठेवलेल्या तिसऱ्या तापमापकावर साडेसहा अंश. किमान तापमान मध्यरात्री येत नसून सूर्योदयाच्या आसपास येते, कारण ऊन पडेपर्यंत जमीन उष्णता सोडतच असते. ही पाहण्याची वेळ सर्वांनी लक्षात ठेवावी.

दीड अंशाचा फरक कागदावर लहान दिसतो. कडेच्या कोरड्या वाफ्यातील बरसीमची वरची पाने दुपारी कडेने तांबूस झाली आणि मलूल पडली. भिजवलेल्या वाफ्यात ती तशीच हिरवी राहिली. पानांना थंडी लागली तरी रोपे जिवंत आहेत, बुडाशी डोळे ताजे आहेत. कोरडी कड लगेच कापून टाकण्याची घाई करायची नाही. थकलेल्या रोपाला उरलेले पानही साठा भरायला मदत करते.

नाल्याकाठी तुटलेल्या ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे आले आहेत. त्यांवर जनावरे सोडू नयेत, असा निरोप सर्व घरी दिला. वाढ खुंटलेल्या, थंडीने किंवा ताणाने बसलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाचे विष साठते आणि थोडक्या खाण्यानेही जनावर दगावते.

२७ डिसेंबर

ओटची पहिली कापणी. एक वीत बूड ठेवून कापले, म्हणजे दुसरी फूट येईल. सलग गार दिवस आणि वर युरिया अशा स्थितीत ओटच्या बुडाच्या कांड्यांमध्ये नायट्रेट साठते; म्हणून बूड उंच ठेवण्याचा दुहेरी फायदा आहे. एकट्या ओटवर जनावर भरवायचे नाही, कुटारात मिसळूनच द्यायचा.

६ जानेवारी

बरसीमच्या दुसऱ्या कापणीची वेळ पुस्तकी हिशोबाने जवळ आली आहे. पंचवीस ते तीस दिवसांचे अंतर सांगितले जाते. गोठ्यात हिरव्या चाऱ्याची मागणी आहे आणि दूध काढणाऱ्या बायांचा तगादा सुरू आहे, तो समजण्यासारखा आहे. तरीही मी कापणी पुढे ढकलण्याच्या मताचा आहे. ओणवे होऊन झुडपे बाजूला केली, तर बुडाशी नवे डोळे जेमतेम अर्धा बोट वर आले आहेत. ते दोन बोटे तरी यायला हवेत. हिवाळ्यात कापणी ठरवण्याची माझ्या मते हीच खरी खूण आहे. दिनदर्शिकेवर कापले तर आज एक भारा जास्त मिळेल आणि फेब्रुवारीत दोन कमी. तोवर लसूणघासाची पहिली कापणी दुधाळ जनावरांना द्यावी, असे ठरले.

हरभऱ्यात काही फुले घाटे न धरता गळाली. दिवसरात्रीचे सरासरी तापमान पंधरा अंशांखाली राहिले की असे होते. घाबरण्याचे कारण नाही. उबारा आला की त्याच फांदीवर पुढची फुले धरतात. पक्ष्यांना बसायला थांबे लावले आहेत आणि घाटे अळीसाठी कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) पाहणे सुरू आहे.

१९ जानेवारी

बरसीमची दुसरी कापणी झाली आणि भारे पहिल्यापेक्षा जड भरले. दोन दिवस ढगाळ हवा आहे, रात्री उबदार आहेत. थंडी संपली असे वाटते, परंतु चाऱ्याला अशाच हवेत त्रास होतो: लसूणघासाच्या शेंड्यांवर मावा दिसला. चारापिकावर कीटकनाशक फवारायचे नाही, हा आमचा नियम आहे. पीक कापणीच्या जवळ आलेलेच होते, म्हणून ते दोनतीन दिवस आधी कापले. माव्याचे घरच हलले. खालच्या तुकड्यात पाण्याचे अंतर बारा-पंधरा दिवसांवर नेले, कारण गार, ओल्या मातीत बरसीमचे खोड सडते.

२६ जानेवारी

शाळेच्या मैदानावरील हरळी पिवळी पडली आहे आणि गुरुजींनी रोज पाणी द्यावे का, असे विचारले. हरळी उष्ण हवेचे गवत आहे. गारव्यात ती हिरवेपणा सोडून जमिनीखालच्या खोडात निजते. रोजच्या पाण्याने ती हिरवी होणार नाही. दहा-बारा दिवसांनी एकदा हलके पाणी पुरे. ती खुरटी कापू नये आणि खत फेब्रुवारीअखेर नवी फूट दिसल्यावरच द्यावे, असे सुचवले.

१२ फेब्रुवारी

ओटची दुसरी कापणी अर्ध्या फुलोऱ्यात पूर्ण केली. जास्तीचा भाग सुकवून ठेवला. संत्र्यावर आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या बहाराची) फुले आली आहेत. डिसेंबरात पाणी तोडून दिलेला ताण आणि त्या वेळचा गारवा यांनीच ही फुले काढली, म्हणजे ज्या थंडीने बरसीमची कड लागली तीच इथे उपयोगी पडली. उशिरा पेरलेला गहू आता उन्हाच्या तडाख्यात सापडतो आहे. दाणे भरण्याच्या वेळी त्याला पाण्याची एक पाळी चुकवू नये, असे संबंधित सदस्याला सांगितले.

८ मार्च

बरसीमची वाढ उन्हाने मंदावली. त्याची शेवटची कापणी करून तुकडा वखरला आणि मुळांच्या गाठींचा नत्र पुढच्या पिकाला मिळावा म्हणून तिथे चाऱ्याचा मका पेरणार आहोत. लसूणघास तीन-चार वर्षे टिकते, म्हणून ती वरच्या तुकड्यात कायम ठेवली आहे. उन्हाळ्यात तिला दर आठ-दहा दिवसांनी पाणी लागेल आणि विहिरीची पातळी पाहता तेवढे पुरेल. पुढील हंगामासाठी दोन बदल लिहून ठेवतो: बरसीमच्या सखल कडेला, नाल्याच्या बाजूने, गार हवेला बाहेर पडायला धुऱ्यात वाट मोकळी ठेवायची, आणि त्या कडेची पट्टी बरसीमऐवजी ओटला द्यायची, कारण ओट तेवढा गारवा सहज सोसतो.